आजीची ओवी आणि प्रीॲम्पची खरखर



दिवाळी झाली की आमच्या धारूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आईवडील कोयते घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि घरी उरतात दोघे जण : म्हातारी आजी आणि शाळेत जाणारे नातवंड. हा लेख मुख्यतः त्या नातवंडासाठी आहे. पण तुमच्या घरचे कोणी ऊसतोडीला जात नसले, तरी आजी असेल, आणि तिला जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर तो तुमच्यासाठीही आहेच.

पीठ आता गिरणीतून येते. जाते परसात पालथे पडलेले असते. ओव्या मात्र अजून आजीच्या तोंडात आहेत. शब्द वहीत लिहून घेता येतील. पण चाल, श्वास घेण्याची जागा, जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबत जाणारा स्वर ह्या गोष्टी कागदावर उतरत नाहीत. त्यासाठी ध्वनिमुद्रणच हवे.

हे काम पूर्वी कोणी केलेच नाही असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी पुण्याहून महाराष्ट्रभर हिंडून आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल या फ्रेंच संगीत-संशोधकाच्या साहाय्याने त्यांतील बऱ्याच ओव्या डॅट नावाच्या अंकीय फितीवर मुद्रित झाल्या. धारूरचा घाट उतरून गेले की माजलगाव लागते. तिथल्या भीमनगर वस्तीतल्या स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या १९९६ साली मुद्रित झाल्या. हा सर्व ठेवा २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आला आहे. एखादी ओवी तुम्ही अवश्य ऐका. आवाज स्वच्छ आहे, बाईचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मी जेव्हा त्या ऐकल्या तेव्हा मला थोडे वाईटच वाटले, त्याचे कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईच्या ओव्या घरीच मुद्रित केल्या होत्या. सभेत वापरतात तसला एक मायक्रोफोन उसना आणला, त्याची तार संगणकाच्या गुलाबी खोबणीत खुपसली आणि मायक्रोफोन तिच्यापासून फूटभर अंतरावर ठेवला. ती अर्धा तास गायली. नंतर ऐकतो तो काय, आईचा आवाज दूर कुठे तरी आणि त्याच्यावर सतत ‘शूऽऽ’ अशी खरखर, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तशी. संगणकावरच्या एका कार्यक्रमाने ती खरखर काढून टाकायचा प्रयत्न केला, तेव्हा खरखर गेली, पण आईचा आवाज रांजणातून आल्यासारखा झाला. पुन्हा मुद्रण करायचे राहून गेले, ते कायमचेच. गंमत अशी की मी भौतिकीचा प्राध्यापक. जे गणित करायला हवे होते ते मी दर वर्षी वर्गात फळ्यावर करून दाखवत असे. फक्त मायक्रोफोन हातात घेतल्यावर ते मला आठवले नाही. आज ते गणित तुमच्याबरोबर करू.

मायक्रोफोनमधून किती वीज येते?

आपल्या भोवतालच्या हवेचा दाब सुमारे १,००,००० पास्कल असतो. आजी मऊ आवाजात गाते तेव्हा तिच्या तोंडापासून फूटभर अंतरावर या दाबात जी चढउतार होते ती असते सुमारे ०.०६३ पास्कल. म्हणजे हवेच्या दाबातील सोळा लाखांतला एक भाग! डेसिबेलच्या भाषेत ही पातळी ७० डेसिबेल होते. डेसिबेलची एकच खूणगाठ बांधून ठेवा : दाब किंवा व्होल्टता दहा पट झाली की २० डेसिबेल वाढतात, दुप्पट झाली की सुमारे ६.

सभेत वापरतात त्या मायक्रोफोनमध्ये एक पातळ पटल असते. पटलाला बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि वेटोळे चुंबकाच्या फटीत लोंबकळत असते. आवाजाने पटल हलते, वेटोळे चुंबकीय क्षेत्रात मागेपुढे होते आणि फॅरडेच्या नियमानुसार त्यात विद्युत् दाब निर्माण होतो. सायकलच्या डायनॅमोचेच हे धाकटे भावंड, म्हणून याला डायनॅमिक मायक्रोफोन म्हणतात. असा मायक्रोफोन १ पास्कलच्या ध्वनीला साधारण २ मिलिव्होल्ट देतो. मग ०.०६३ पास्कलला किती? ०.१२६ मिलिव्होल्ट, म्हणजेच १२६ मायक्रोव्होल्ट. घड्याळातला छोटा सेल दीड व्होल्टाचा असतो. आजीचा आवाज त्याच्या सुमारे बारा हजारांशाइतका झाला.

एवढ्याशा संदेशाने ध्वनिवर्धक हलत नाही आणि संगणकालाही तो नीट मोजता येत नाही. म्हणून तो आधी काहीशे ते काही हजार पट मोठा करावा लागतो. हे काम करणाऱ्या मंडलाला पूर्वविवर्धक किंवा प्रीॲम्प्लिफायर म्हणतात. बाजारात ‘प्रीॲम्प’ एवढेच म्हणतात. आजकाल घरगुती मुद्रणासाठी जी छोटी पेटी मिळते आणि जिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, तिच्यात प्रीॲम्प आणि विद्युत् दाबाचे आकड्यांत रूपांतर करणारे मंडल ही दोन्ही एकत्रच असतात. संगणकाच्या गुलाबी खोबणीमागेही एक प्रीॲम्प असतो. तो नसता तर माझ्या मुद्रणात काहीच उमटले नसते. तो होता, पण हलका होता.

प्रीॲम्पचे महत्त्व इतके का? कारण तो सर्वांत आधी येतो. त्याच्या तोंडाशी जो कचरा शिरतो तो आजीच्या आवाजाबरोबर तेवढाच हजार पट मोठा होतो. त्यानंतरच्या मंडलांचा कचरा मात्र आधीच मोठ्या झालेल्या संदेशापुढे किरकोळ ठरतो. विहिरीतच पाणी गढूळ असेल तर पुढे कितीही चांगला नळ बसवा, गढूळच पाणी येणार.

या मंडलाची थोरवी कळायची तर १९०२ साल आठवावे. त्या वर्षी कलकत्त्यात गौहर जान यांच्या गाण्याच्या तबकड्या मुद्रित झाल्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हता आणि विवर्धकही नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे आणि त्या आवाजाच्याच जोरावर सुईने मेणात खाच पाडायची, अशी ती पद्धत. १९२५ च्या सुमारास व्हॉल्व्हचे विवर्धक वापरून विद्युत् मुद्रण सुरू झाले आणि मग कुठे हळू आवाजात गाणाऱ्यांची सोय झाली. कर्ण्याच्या काळात तुमच्या आजीची ओवी मेणावर ओरखडासुद्धा उठवू शकली नसती.

खरखर कोठून येते?

आता खरखरीकडे वळू. तुम्हांला वाटेल, उत्तम प्रीॲम्प म्हणजे ज्यात खरखर मुळीच नाही असा. तसा प्रीॲम्प जगात नाही आणि होणारही नाही, कारण खरखरीचा एक भाग मायक्रोफोनच्या तारेतच असतो. कोणत्याही तारेतील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत इकडेतिकडे धावत असतात. त्या धावपळीमुळे तारेच्या दोन टोकांमध्ये एक अनियमित, बारीक विद्युत् दाब आपोआप निर्माण होतो. जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे सूत्र काढले. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. सूत्र असे : बोल्ट्‌झमनचा स्थिरांक, निरपेक्ष तापमान, रोध आणि कंप्रतांचा पल्ला यांचा गुणाकार करा, त्याला ४ ने गुणा आणि वर्गमूळ घ्या. मायक्रोफोनचा रोध १५० ओहम, तापमान ३०० केल्विन आणि पल्ला २०,००० हर्ट्‌झ धरला तर उत्तर येते ०.२२ मायक्रोव्होल्ट. ही झाली निसर्गाची पट्टी. कितीही पैसे ओता, या मायक्रोफोनची खरखर याच्या खाली जाणार नाही.

कोणी चौकस मुलगा विचारील, मग आमच्याकडे मे महिन्यात खरखर वाढत असेल, नाही का? वाढते. पण वर्गमूळ निरपेक्ष तापमानाचे असल्यामुळे थंडीतल्या पहाटेपेक्षा उन्हाळ्यातल्या दुपारी ती फार तर पाच टक्क्यांनी जास्त असते. तेवढी कानाला कळत नाही. उन्हाळ्यात खरा त्रास होतो तो तापलेला पत्रा कडकड वाजतो त्याचा.

प्रीॲम्प या निसर्गाच्या खरखरीत स्वतःची भर घालतो. ती किती हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. ‘ईआयएन’ या तीन अक्षरांपुढचा आकडा शोधा. प्रवेशाशी मोजलेला तुल्य गोंगाट असा त्याचा अर्थ. हा आकडा ऋण असतो आणि ‘डीबीयू’ या एककात देतात. चांगल्या पेटीचा आकडा उणे १२८ च्या आसपास असतो. याचा अर्थ लावणे सोपे आहे. या एककाचा शून्य म्हणजे ०.७७५ व्होल्ट. १२८ डेसिबेल म्हणजे सुमारे पंचवीस लाख पट. ०.७७५ व्होल्टला पंचवीस लाखांनी भागा : ०.३१ मायक्रोव्होल्ट. यात चाचणीसाठी जोडलेल्या १५० ओहमच्या रोधकाची ०.२२ मायक्रोव्होल्ट आधीच धरलेली असते. म्हणजे चांगला प्रीॲम्प निसर्गाच्या पट्टीच्या अवघा तीन डेसिबेल वर असतो. त्याच्याहून पाच पट महाग प्रीॲम्प घेतलात तरी या तीन डेसिबेलांतलाच एखादा भाग काय तो वाचेल.

आता समजा एका हलक्या प्रीॲम्पचा आकडा उणे ११० आहे. भागाकार केलात तर २.४५ मायक्रोव्होल्ट येतात, म्हणजे आधीच्या आठ पट.

माहितीपत्रक वाचताना दोन बारकावे लक्षात ठेवा. काही उत्पादक हा आकडा कानाच्या संवेदनेप्रमाणे भार देऊन छापतात. त्याला ए-भार म्हणतात आणि त्यामुळे आकडा दोनतीन डेसिबेलांनी देखणा दिसतो. दुसरे असे की हा आकडा बहुधा बटण पूर्ण फिरवून घेतलेला असतो. दोन पेट्यांची तुलना करताना दोन्हींचे आकडे एकाच पद्धतीने मोजलेले आहेत ना, एवढे पाहावे. आणि आकडा छापलेलाच नसेल तर? तर त्याचे कारण काय असेल ते तुम्हीच ताडा.

पायथागोरस खोलीत येतो

एवढ्यावर थांबून दुकानात जाऊ नका. खरी गंमत पुढेच आहे. मायक्रोफोनला फक्त आजी ऐकू येत नाही, खोलीही ऐकू येते. आमच्या गावाकडच्या शांत खोलीत पहाटे सुमारे ३० डेसिबेलांचा आवाज असतो : रातकिडे, दूरचे कुत्रे, हवा. आपल्या मायक्रोफोनमध्ये त्याचे होतात १.२६ मायक्रोव्होल्ट. छताचा पंखा लावला की ही पातळी सहज ५० डेसिबेलांवर जाते, म्हणजे १२.६ मायक्रोव्होल्ट.

आता खोलीचा गोंगाट आणि प्रीॲम्पची खरखर यांची बेरीज करायची आहे. ही बेरीज साधी नसते. दोन्ही अनियमित आणि एकमेकांशी असंबद्ध असल्यामुळे कधी त्या एकमेकींना मिळतात, कधी एकमेकींना खोडतात. अशा वेळी वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे असते. हे तुम्ही भूमितीत केलेले आहे. काटकोन त्रिकोणाची एक बाजू खोली, दुसरी बाजू प्रीॲम्प आणि कर्ण म्हणजे एकूण गोंगाट.

शांत खोली आणि चांगला प्रीॲम्प घ्या. बाजू १.२६ आणि ०.३१. कर्ण येतो १.३०. खोलीच्या गोंगाटात प्रीॲम्पने जवळजवळ काहीच भर घातली नाही. तो दडून गेला. आता शांत खोली आणि हलका प्रीॲम्प. बाजू १.२६ आणि २.४५. कर्ण २.७५. गोंगाट दुपटीहून अधिक झाला आणि त्यातला मोठा वाटा खरखरीचा आहे. माझ्या आईच्या मुद्रणात झाले ते हेच. आता पंखा लावा, आणि प्रीॲम्प हलकाच ठेवा. बाजू १२.६ आणि २.४५. कर्ण १२.८. इथे हलका प्रीॲम्पसुद्धा दडून गेला! पंख्याखाली बसून मुद्रण करणाऱ्याने भारी प्रीॲम्प घेतला काय आणि हलका घेतला काय, त्याला फरक ऐकू येणार नाही.

म्हणून प्रीॲम्प निवडण्याची पहिली पायरी म्हणजे पंखा बंद करणे. मी हे विनोदाने म्हणत नाही. मुद्रणात आवाज चांगला येत नाही म्हणून महागडी पेटी घेणारी पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत. त्यांतल्या निम्म्यांच्या खोलीत शीतकपाट घुरघुरत होते.

आमच्याकडे वीज गेली की लोक वैतागतात. मुद्रणाच्या दृष्टीने मात्र ती मोठी पर्वणी असते. पंखा नाही, शीतकपाट नाही, शेजारचा दूरदर्शन नाही, शेतातल्या मोटारी नाहीत. संगणक बॅटरीवर चालतो आणि पेटी संगणकाकडूनच वीज घेते. आणि पहाट असेल तर फारच उत्तम. दळण पहाटेच व्हायचे, ओव्याही पहाटेच्याच. तेव्हा आजीलाही ती वेळ परकी वाटणार नाही.

अंतर : फुकटचा प्रीॲम्प

शांत खोलीनंतरचा दुसरा फुकटचा उपाय म्हणजे अंतर कमी करणे. ध्वनीचा उगम लहान असेल तर अंतर एक-तृतीयांश केल्यावर ध्वनिदाब तिप्पट होतो. मायक्रोफोन ३० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आणा. आजीचे १२६ मायक्रोव्होल्ट होते, ते ३७८ होतील. खोलीचा गोंगाट होता तेवढाच राहिला आणि प्रीॲम्पची खरखरही तेवढीच राहिली. पूर्वी शांत खोलीत आजीचा आवाज खोलीच्या शंभर पट होता, तो आता तीनशे पट झाला. हा लाभ कोणतीही पेटी विकत घेऊन मिळत नाही, कारण पेटी आजी आणि खोली दोघींनाही सारखेच मोठे करते.

फार जवळ गेल्याने दोन अडचणी येतात. ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना तोंडातून जो वाऱ्याचा झोत येतो तो पटलावर आदळून धप् असा आवाज होतो. मायक्रोफोन थोडा बाजूला, ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने ठेवला की झोत निसटून जातो. दुसरी अडचण अशी की एकाच दिशेने ऐकणारे मायक्रोफोन जवळून खर्जाचे स्वर फुगवून सांगतात. म्हातारीचा आवाज त्यामुळे भारदस्त, पण खोटा वाटू लागतो. मला स्वतःला एक वीत अंतर बरे वाटते.

दुकानात गेल्यावर

आता खरेदीकडे वळू. दुकानदार बहुधा पहिल्यांदा सांगतो ते ‘गेन’, म्हणजे पेटी संदेश किती पट वाढवते ते. ५६ डेसिबेल, ६० डेसिबेल असे आकडे असतात. ५६ डेसिबेल म्हणजे ६३० पट. जास्त गेन म्हणजे जास्त चांगला प्रीॲम्प, असा सरसकट समज आहे. तो चुकीचा आहे. समजा एका पेटीचे बटण पूर्ण फिरवल्यावर तिच्या रूपांतरकात ३.५ मिलिव्होल्टपर्यंतचा संदेश मावतो. आजीचे फूटभरावरून आलेले ०.१२६ मिलिव्होल्ट हे त्याच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढे झाले, म्हणजे कमाल पातळीच्या २९ डेसिबेल खाली. पडद्यावरची रेघ बारीक दिसेल आणि तुम्ही घाबराल. घाबरू नका. आजचे २४ बिटांचे रूपांतरक प्रत्यक्षात सुमारे ११० डेसिबेलांचा पल्ला देतात. त्यातून २९ गेले तरी ८१ उरतात आणि आपल्या खोलीतला आवाज व गोंगाट यांतले अंतर तर अवघे ४० आहे. नंतर संगणकावर सारे काही हव्या तेवढ्या पटीने मोठे करता येते, त्याने काही बिघडत नाही. खरखर मात्र नंतर काढता येत नाही. म्हणून गेनचा आकडा पुरेसा असला की पुरे. बारकाईने पाहायचा तो ईआयएन.

उलट बटण गरजेपेक्षा जास्त फिरवण्यात धोका आहे. आजी एखाद्या ओळीला एकदम वरच्या पट्टीत गेली आणि संदेश रूपांतरकाच्या मर्यादेबाहेर गेला, तर लहरींचे माथे सपाट कापले जातात. कापलेला माथा परत चढवता येत नाही. तेव्हा तिच्या मोठ्यात मोठ्या आवाजालाही मर्यादेच्या बारा-पंधरा डेसिबेल खाली ठेवावे.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे प्रवेश-संरोध. मायक्रोफोन आणि प्रीॲम्प मिळून विद्युत् दाबाची वाटणी करतात. १५० ओहमच्या मायक्रोफोनला १,५०० ओहमचा प्रवेश मिळाला तर संदेशाचा सुमारे ९१ टक्के भाग आत जातो. १५० ओहमचाच मिळाला तर निम्मा. बहुतेक पेट्यांत हा आकडा १,५०० च्या वरच असतो, त्यामुळे यावर फार वेळ घालवू नका.

तीन टाचण्यांची गोल खोबण मात्र असायलाच हवी. तिच्यात संदेश दोन तारांतून परस्परविरुद्ध चिन्हांनी येतो. वाटेत घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची घुरघुर दोन्ही तारांत सारखीच शिरते. प्रीॲम्प दोन तारांतील फरक तेवढा मोठा करतो. फरक घेतला की सारखे असलेले जाते आणि विरुद्ध असलेले दुप्पट होऊन उरते. साध्या वजाबाकीचा इतका सुंदर उपयोग मला दुसरा माहीत नाही. संगणकाच्या बारक्या खोबणीत ही सोय नसते.

याच खोबणीतून कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्ट पुरवले जातात. हे व्होल्ट दोन्ही तारांवर सारखेच असल्याने वजाबाकीत तेही नाहीसे होतात, म्हणून त्याला ‘फँटम’ म्हणजे भुताचा पुरवठा असे नाव पडले. कंडेन्सर मायक्रोफोन १ पास्कलला २० मिलिव्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे आपल्या डायनॅमिकच्या दहा पट. आजीचे १,२६० मायक्रोव्होल्ट झाले! मग आपला उणे ११० वाला हलका प्रीॲम्पसुद्धा पाचशेपट मागे राहतो आणि दडून जातो. म्हणजेच प्रीॲम्प कोणता घ्यावा हा प्रश्न मायक्रोफोन कोणता आहे हे सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. डायनॅमिक असेल तर प्रीॲम्प चांगला हवाच. कंडेन्सर असेल तर साधासुद्धा चालून जातो.

‘कंडेन्सर खोलीतले सगळे आवाज ओढतो’ असे एक वाक्य तुम्ही ऐकाल. विचार करा. तो आजीला दहा पट करतो आणि पंख्यालाही दहा पटच करतो. अंतर आणि दिशा तीच असेल तर दोघांचे प्रमाण बदलत नाही. हे वाक्य निघाले ते लोक कंडेन्सर लांब ठेवतात म्हणून.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. वेगळा, व्हॉल्व्हचा, जड झाकणाचा प्रीॲम्प घरगुती मुद्रणासाठी घेऊ नये. व्हॉल्व्हचा प्रीॲम्प आवाजाला स्वतःचा एक रंग देतो. कोणाला तो आवडतो, पण आजीच्या आवाजाला रंग देण्याचे आपल्याला काही कारण नाही. ज्या साध्या इंटरफेस-पेटीचा ईआयएन उणे १२५ किंवा त्याहून खाली आहे आणि गेन ५५ डेसिबेलांच्या पुढे आहे, ती पुरेशी आहे.

शक्य असेल तर दुकानात एक चाचणी करा. शाळेच्या प्रयोगशाळेतून १५० ओहमचा रोधक घ्या आणि मायक्रोफोनच्या जोडणीच्या दुसऱ्या व तिसऱ्या टाचणीमध्ये तो डाक देऊन बसवा. आधी खरा मायक्रोफोन लावून, ठराविक अंतरावरून एकाच माणसाला वाचायला लावा आणि दोन्ही पेट्यांवर बटण फिरवून पातळी सारखी करून घ्या. मग बटणाला हात न लावता मायक्रोफोन काढा आणि रोधक लावा. आता पेटीला ना खोली ऐकू येते ना दुकानदार. जे ऐकू येते ती निखळ खरखर. कोणती पेटी कमी खरखरते हे तुमचे कानच सांगतील. चाचणीच्या वेळी ४८ व्होल्टचे बटण बंद ठेवा.

आणि पैसेच नसतील तर? मग खिशातला मोबाइल काढा. त्याच्यातल्या चिमुकल्या मायक्रोफोनची स्वतःची खरखर २५ ते ३५ डेसिबेलांच्या ध्वनीइतकी असते, म्हणजे आपल्या शांत खोलीच्या जवळपासच. माझ्या त्या उसन्या मायक्रोफोनपेक्षा आणि गुलाबी खोबणीपेक्षा त्याने नक्कीच चांगले काम केले असते. एक वीत अंतरावर, गोधडीच्या घडीवर तो ठेवा. मात्र गोंगाट आपोआप कमी करण्याची आणि पातळी आपोआप वाढवण्याची सोय त्यात चालू असेल तर ती बंद करा, नाही तर आजी श्वासाला थांबली की मोबाइल खोलीचा आवाज मोठा करील आणि ती गाऊ लागली की पुन्हा दाबील.

राहता राहिले जाते. जात्याची घरघर हा गोंगाट आहे का? माझ्या मते नाही. तो ओवीचा ठेका आहे. पण तो आजीच्या आवाजाला गिळून टाकतो हेही खरे. म्हणून दोन मुद्रणे करा, एक जाते फिरवत आणि एक नुसते बसून. जाते फिरत असताना मायक्रोफोन जमिनीवर ठेवू नका, कारण दगडाचा हादरा फरशीतून थेट पटलाला पोचतो. तो तोंडाच्या उंचीवर, जात्याकडे पाठ करून बांधा. पत्र्याचे घर असेल तर मागच्या भिंतीवर दोनतीन वाकळी टांगा, म्हणजे आवाज घुमणार नाही.

बटण दाबल्यावर आधी तुम्ही स्वतः आजीचे नाव, गाव आणि तारीख सांगा. मग दहा सेकंद कोणी काही बोलू नका. खोलीचा गोंगाट किती आहे हे नंतर मोजायला ती दहा सेकंदे उपयोगी पडतात. त्यानंतर आजीला हाताने खूण करा.